एकोणचाळिसावा ठिपका

झिंदेरच्या कचेरीत पंखा बंद पडला की
आधी संगणक तापतो, मग मी.
पडद्यावर मार्च महिना आहे,
जवळजवळ आठशे किलोमीटर उंचीवरून टिपलेला.
दहा मीटरचा एक चौकोन.
त्यात एक बाई मावते, तिची शेळी, तिचं अंगण,
आणि सगळ्यांची मिळून एकच संख्या होते.

आम्हाला शिकवलं होतं: माणूस आला की झाड गेलं.
म्हणून सूत्रात मी घरापासूनचं अंतर घातलं
आणि रेघ वर चढेल म्हणून वाट पाहिली.
रेघ खाली आली.
पुन्हा चालवलं. पुन्हा खाली.
घर जवळ तर हिरवं दाट,
घर लांब तर नुसती वाळू.
तीन दिवस मी माझीच चूक पाखडत बसलो,
सुपात बाजरी उरली, खडा काही निघेना.

शेवटी जीप काढली, दान-तुदूला गेलो,
हातात जीपीएस, वहीत चाळीस ठिपके.
शेताच्या कडेला हाब्सू माहामान
कोयत्यानं गाओच्या झाडाची खालची फांदी साळत होती.
"मार्चमध्ये हिरवं असणारच," म्हणाली, "हे झाडच उफराटं.
पावसात नागडं उभं राहतं, बाजरीला ऊन सोडतं.
सगळं करपलं की मग याला पालवी सुचते."
पण गावाजवळच का?
तिनं शेळ्यांकडे बोट केलं.
"शेंगा खातात रानात, बी टाकतात दारात.
उगवलं की माझी कुदळ त्याला वळसा घालते. एवढंच."

मग बराच वेळ फांदीच साळत राहिली.
"पूर्वी झाड सरकारचं होतं.
एका फांदीपायी वनरक्षकानं आमचा बोकड नेला.
त्यानंतर बोटाएवढं रोप दिसलं तरी बाबा उपटून टाकायचे.
आता फांदी माझी आहे."
मी वहीत लिहिलं: मालकी.
सूत्रात या शब्दाला रकाना नव्हता.

अडतीस ठिपके जुळले.
एकोणचाळिसावा अडला:
उत्तरेला दीड किलोमीटरवर हिरवं कडं, बांगडीसारखं गोल,
आणि आत एकही छप्पर नाही.
"तिथे कुणी राहत नाही ना?" मी विचारलं,
अपवाद म्हणून खोडायला पेन उघडून.

"तिथे मी जन्मले," ती म्हणाली.
"विहीर कडू झाली त्या वर्षी सगळे उठलो.
आईनं दार आणलं, उखळ आणलं, कोंबड्या आणल्या.
झाडं कशी आणायची?"

चालत गेलो.
मध्यभागी खापऱ्या, एक फुटकं जातं,
वाऱ्यानं गुळगुळीत केलेली भिंतीची कड, घोट्याएवढी.
ती झाडांची नावं घेत पुढे.
हे तान्को लोहाराचं. हे सालामातूचं,
तिला जुळं झालं त्या साली उगवलेलं.
हे कुणाचंच नाही, आपोआप आलं.
एका बुंध्याशी थांबली, काही बोलली नाही.
त्याच्या खालच्या फांद्या नीट छाटलेल्या,
एका कापावर साल अजून ओली होती.
मी विचारलं नाही. जीपीएस टुकटुक करत राहिला,
सात उपग्रह सापडले, आठ सापडले.

रात्री कचेरीत तक्ता भरला.
अक्षांश. रेखांश. हिरवेपणा, शून्य पूर्णांक बासष्ट.
सर्वांत जवळच्या घरापासूनचं अंतर.
इथे बोट थांबलं.
दान-तुदूपासून मोजलं तर दीड हजार मीटर,
आणि तिच्या पायांनी मोजलं तर?
शून्य लिहिलं.
रकाना लाल झाला, संगणकाला पटलं नाही.
राहू दे लाल.
चाळिसावा ठिपका बघायचा राहिलाय,
तो नदीपलीकडे आहे, आणि जीपला डिझेल नाही.